आपलं भंगार शेवटी जातं कुठं? प्लास्टिकचा कचरा, छोटे देश आणि खानदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीत माझं दाण्याचं छोटं युनिट आहे. दाणा म्हणजे जुनं प्लास्टिक दळून, धुऊन, वितळवून केलेली बारीक गोळी. ती पुढं चटईवाल्यांकडं जाते. जळगावची केळी आणि सोनं सगळ्यांना माहीत असतं, चटई मात्र माहीत नसते, आणि त्या चटईत तुमच्या जुन्या बादलीचा अंश असू शकतो हे तर कोणाच्याच गावी नसतं. लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठंही भेटले की लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. भाचा सिंगापूरला नोकरीला गेल्यापासून त्याचे मित्रही विचारू लागलेत. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

कचऱ्यासारखी हलकी वस्तू हजारो किलोमीटर लांब पाठवणं परवडतं तरी कसं?

जहाजाच्या उलट्या फेरीमुळं. चीनमधून युरोप-अमेरिकेला माल भरून गेलेले कंटेनर परत येताना बरेचसे रिकामे असायचे. रिकामा ट्रक परत आणण्यापेक्षा मिळेल ते भाडं घेऊन काहीतरी भरावं, हे आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला जसं कळतं तसंच जहाजवाल्यालाही कळतं. त्यामुळं परतीचं भाडं अगदी स्वस्त पडायचं.

दुसरं कारण मजुरीचं. प्लास्टिक निवडायला माणसं लागतात. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, रंगीत वेगळं, पांढरं वेगळं. श्रीमंत देशात या कामाचा खर्च निघत नाही. म्हणून तिथून कचरा जातो असं म्हणण्यापेक्षा निवडायचं काम जातं, असं मी म्हणतो. 1992 नंतरच्या पंचवीसेक वर्षांत जगभरात आयात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जवळजवळ 45 टक्के एकट्या चीननं घेतला. जुलै 2017 मध्ये चीननं जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की आता पुरे, आणि 1 जानेवारी 2018 पासून घरगुती प्लास्टिकसह 24 प्रकारच्या कचऱ्याला दार बंद केलं.

मग तो सगळा कचरा गेला कुठं?

जिथं दार उघडं दिसलं तिथं. मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, तुर्कस्तान. तिथल्या बंदरांत वर्षभरात ढीग लागले आणि मग एकेक देश वैतागला. मलेशियानं 2019 मध्ये हजारो टन माल परत पाठवायला घेतला. फिलिपिन्सचं प्रकरण तर भांडणावर आलं होतं. कॅनडातून 2013-14 मध्ये ‘पुनर्वापराचं प्लास्टिक’ म्हणून आलेल्या कंटेनरांत वापरलेले डायपर आणि स्वयंपाकघरातला कचरा निघाला. पाच-सहा वर्षं ते बंदरात कुजत पडले. शेवटी 2019 मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी कॅनडाला जाहीर धमकी दिल्यावर, उरलेले 69 कंटेनर परत गेले. थायलंडनं 2025 च्या सुरुवातीपासून प्लास्टिक कचऱ्याची आयातच बंद केली.

निर्यात झाली म्हणजे पुनर्वापर झालाच ना?

हा प्रश्न आला की मी खुर्ची ओढून बसतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून मी पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या, दाबून बांधलेल्या गाठी घेतल्या. फोटो पाहिले, वरचा माल चकाचक. काटा झाला, पैसे गेले, गाडी आली. पहिली गाठ फोडली तर वरचा वीतभर थर झकास आणि आत चिप्सची चंदेरी पाकिटं, सलाइनच्या नळ्या, ओले कपडे आणि चक्क अर्धी वीट. कामाला असलेल्या मावशी म्हणाल्या, ‘‘भाऊ, आते काय करानं याचं?’’ काय करणार? अर्धाअधिक माल पैसे मोजून कचरा डेपोला पाठवला. पण गंमत पुढंच आहे. त्या व्यापाऱ्याच्या वहीत तो सगळा माल ‘रिसायकलिंगला विकला’ असाच लिहिलेला असणार.

देशांच्या वह्याही बरीच वर्षं याच पद्धतीनं भरल्या गेल्या. माल हद्दीबाहेर गेला की पुनर्वापराच्या आकड्यात जमा. पुढं त्यातलं किती वितळलं, किती पुरलं आणि किती एखाद्या नदीकाठी पेटवलं, हे त्या वहीत येत नाही. मोजायचंच असेल तर मशिनीतून किती दाणा बाहेर पडला ते मोजावं. ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, हिशेबानं 2019 मध्ये जगात सुमारे 35 कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि शेवटपर्यंत पुनर्वापर झाला तो फक्त 9 टक्क्यांचा. ‘गोळा केला’ आणि ‘दाणा झाला’ यांतलं अंतर इतकं आहे.

कापूस विकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर पांढरा बोंड आणि खाली कवडी, म्हणजे खराब कापूस, भरलेली गाडी जिनिंगवर नेली की व्यापारी कट्टी लावतो, म्हणजे पैसे कापतो. कचऱ्याच्या व्यापारात कट्टी लावणारा माणूस फार उशिरा आला.

तो उशिरा आलेला माणूस म्हणजे बाझल करार का?

बरोबर. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कचऱ्यावर नियम घालणारा हा करार तसा जुना आहे. 1989 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला आणि 1992 पासून लागू आहे. पण त्याचा रोख विषारी कचऱ्यावर होता, आणि साधं प्लास्टिक त्यातून सुटत होतं. मे 2019 मध्ये नॉर्वेच्या प्रस्तावावरून प्लास्टिक त्यात आणलं गेलं आणि 1 जानेवारी 2021 पासून नियम बदलले. आता स्वच्छ, निवडलेलं, एका जातीचं प्लास्टिक पुनर्वापरासाठी मोकळेपणानं जाऊ शकतं. पीई (पॉलिथीन), पीपी आणि पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) यांच्या मिश्रणालाही मुभा आहे, मात्र ती पुढं वेगवेगळी वितळवली जाणार असली पाहिजेत. मिसळलेलं किंवा घाण प्लास्टिक पाठवायचं तर घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती हवी.

जळगावसारख्या पाइपच्या गावातल्या लोकांसाठी एक बारकावा. पीव्हीसीला ही मोकळीक नाही. त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते स्वच्छ असलं तरी संमतीच्याच यादीत बसतं.

अमेरिकेनं या करारावर 1990 मध्ये सही केली, पण मंजुरी आजतागायत दिलेली नाही. युरोपीय संघानं मात्र ओईसीडीबाहेरच्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवणं नोव्हेंबर 2026 पासून थांबवायचं ठरवलं आहे.

सिंगापूर एवढासा देश, तरी इतका स्वच्छ. त्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही?

भाचा दिवाळीला आला की हे वाक्य ठरलेलं असतं. पण रस्ता स्वच्छ असणं आणि कचऱ्याचा निकाल लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जळगाव जिल्हा 11,765 चौरस किलोमीटरचा आहे. त्यात सिंगापूरसारखे सोळा देश मावतील. इतक्या लहान जागेत कचरा पुरायला जमीनच नाही, म्हणून ते जाळतात. जाळल्यावर आकारमान दहाव्या हिश्शावर येतं, त्यातून वीजही होते. उरलेली राख बार्जमध्ये भरून सेमाकाऊ नावाच्या बेटावर नेतात. हे बेट म्हणजे समुद्रात बांध घालून केलेला कचरा डेपो. तो 1999 मध्ये सुरू झाला आणि 2035 च्या आसपास भरेल असा त्यांचा स्वतःचाच अंदाज आहे. पुढं काय, या प्रश्नानं त्यांच्या सरकारची झोप उडालेली आहे.

आणि प्लास्टिक? 2023 मध्ये तिथं प्लास्टिक कचऱ्याच्या पुनर्वापराचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि त्यातलाही मोठा भाग परदेशी जाऊन वितळतो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मामा, आमच्या बिल्डिंगमध्ये तर निळा डबा आहे!’’ डबा आहे रे बाबा. पण त्यात लोक उरलेलं अन्नही टाकतात, आणि एकानं टाकलं की बाकीच्यांचा कागदसुद्धा वाया जातो.

त्यांचं कौतुक करायचं तर ते हिशेबासाठी करावं. किती टन झाला, किती जाळला, किती पुरला, हे ते दर वर्षी छापतात, लाजिरवाणा आकडाही लपवत नाहीत. आपल्या किती नगरपालिकांना आपल्या गावातला आकडा धडपणे सांगता येतो?

श्रीलंकेचं उदाहरण तुम्ही नेहमी का देता?

कारण तिथं दोन्ही बाजू दिसतात. दुसऱ्याचा कचरा आला तेव्हा काय झालं ती, आणि स्वतःचा साचला तेव्हा काय झालं तीही.

2017 पासूनच्या दोनेक वर्षांत ब्रिटनमधून कोलंबोला 263 कंटेनर आले. कागदावर जुन्या गाद्या, गालिचे, असा पुनर्वापराचा माल. उघडले तेव्हा त्यात रुग्णालयातला कचराही असल्याचं कस्टम्सनं सांगितलं. तीन हजार टनांच्या घरातला हा ऐवज. एका पर्यावरण संस्थेनं कोर्टात धाव घेतली, कोर्टानं तो परत पाठवायला लावला. सप्टेंबर 2020 मध्ये पहिले 21 कंटेनर निघाले आणि शेवटचे गेले ते 2022 च्या सुरुवातीला. कचरा आला तो आला, जायला मात्र वर्षं लागली.

दुसरी बाजू जास्त दुखरी. कोलंबोच्या कडेला मीतोटमुल्ला इथं शहराचा डेपो होता. डेपो कसला, डोंगरच. खाली गरिबांची वस्ती. 14 एप्रिल 2017 ला, सिंहली नववर्षाच्या दिवशी, तो डोंगर घरांवर कोसळला. 32 माणसं गेली. त्यानंतर शहराचा कचरा सुमारे 170 किलोमीटर लांब पुत्तलम जिल्ह्यातल्या अरुवाक्काळूला न्यायचं ठरलं आणि तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. राजधानीनं आपल्याच देशातल्या एका जिल्ह्याला कचरा निर्यात केला म्हणायचं. यात पासपोर्ट लागत नाही, एवढाच फरक.

शहराच्या डेपोचा धूर ज्या शिवारावर जातो, त्या शिवारातल्या कोणालाही विचारा. श्रीलंका कुठं आहे हे त्याला नकाशावर दाखवता येणार नाही कदाचित, पण गोष्ट बरोबर कळेल.

मालदीव किंवा रवांडा यांचं काय?

मालदीवनं राजधानी मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेटच कचऱ्यानं भरून तयार केलं. उथळ समुद्रात कचरा टाकत गेले आणि जमीन वाढत गेली. पर्यटक ज्या निळ्या पाण्याचे फोटो काढतात, त्यापासून ते फार लांब नाही. रवांडानं 2008 मध्येच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि विमानतळावर प्रवाशांच्या सामानातल्या पिशव्यासुद्धा काढून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडं महाराष्ट्राची बंदी मार्च 2018 ची, देशाची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी जुलै 2022 ची. भाजीबाजारात जाऊन बघा.

भारतात बाहेरचा प्लास्टिक कचरा येतो का?

नियमानं प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीला मनाई आहे. आधी विशेष आर्थिक क्षेत्रांना पळवाट होती, ती मार्च 2019 च्या दुरुस्तीनं बंद केली. तरी रद्दी कागदाच्या गाठींतून प्लास्टिक येण्याच्या तक्रारी होत राहिल्या. आमच्या धंद्यातल्या काहींना बाहेरचा माल हवासा वाटतो, कारण तो एकसारखा असतो. माझं म्हणणं असं की दारातला माल निवडायला माणूस मिळत नाही आणि आपण समुद्रापलीकडचा कशाला मागायचा?

खानदेशात कोण कचरा निर्यात करतंय? हा आपला प्रश्न कसा?

आपणही निर्यातदार आहोत. आपलं बंदर म्हणजे तापी.

धुळ्यात पांझरेत टाकलेली पिशवी पावसाळ्यात मुडावदच्या संगमावर तापीला मिळते. गिरणा, वाघूर, बोरी यांचंही तेच. पुढं सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई धरण, सुरत आणि खंबातचं आखात. वाटेत बॅरेजच्या दरवाज्यांशी पाणी अडलं की तरंगणारं सगळं तिथं जमा होतं: बाटल्या, थर्माकोल, एक चप्पल, पुन्हा बाटल्या. सुरत पिण्याचं पाणी तापीतूनच घेतं. आपण त्यांच्याकडून साड्या आणतो आणि त्यांना हे पाठवतो. ना बिल, ना कंटेनर, ना बाझलची संमती. मलेशियासारखं सुरतेनं एकदा ते परत पाठवलं तर?

शेतातल्या प्लास्टिकचं काय? ते तर कोणी मोजतच नाही.

खरं आहे. खानदेशात घरच्या पिशव्यांवर जितकं बोललं जातं त्याच्या दहावा भागही शेतावर बोललं जात नाही. म्हणून इथं थोडं सविस्तर सांगतो.

ठिबकच्या नळीची चिंता कमी आहे. जुनी नळी काळी, एका जातीची, जड. भंगारवाला बांधावर येऊन वजनावर घेऊन जातो. त्यातले ड्रीपर आणि जॉइनर काढून टाकले तर भाव बरा मिळतो. माती झटकून गुंडाळी केलेली असेल तर आणखी बरा.

खरी अडचण पातळ मालाची. टरबुजाखालचा मल्चिंग पेपर जेमतेम 25-30 मायक्रॉनचा असतो. काढताना तो फाटतो आणि मातीसकट येतो. माझ्याकडं असा माल आला की धुतल्यावर पेपर किती आणि गाळ किती, हे पाहून रडू येतं. मातीनं दाणा मशीनची जाळी बुजते, स्क्रू झिजतो, शिवाय धुण्याचं पाणी कुठं सोडायचं हा वेगळाच प्रश्न. म्हणून आम्ही तो घ्यायला नाखूश असतो. घेत नाही म्हटल्यावर शेतकरी बांधावर पेटवतो. दोघांचंही चुकत नाही आणि धूर मात्र होतोच.

केळीच्या घडाला घालतात त्या स्कर्टिंग बॅगचं तसंच. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात एक्सपोर्टची केळी वाढली तशी ही निळी-पांढरी पिशवी वाढली. घड कापला की बॅग बागेतच पडते आणि चिकानं चिकटते. टरबुजाच्या वेलांवर अंथरतात त्या पातळ क्रॉप कव्हरचंही बघा. आपली केळी आखाती देशांत जाते, तिथल्या माणसाला डाग नसलेलं फळ मिळतं आणि त्या बिनडागपणाचा कचरा रावेरात राहतो. श्रीमंत देशांना नावं ठेवताना ही बाजूही लक्षात असू द्या.

एक साधी सूचना मी बागायतदारांना करतो. कापणीच्या दिवशी बांधावर एक मोठं पोतं टांगा, मजुराला सांगा की बॅग जमिनीवर न टाकता पोत्यात टाक. कोरडी, माती न लागलेली बॅग असेल तर घेणारा सापडतो. एकट्या शेतकऱ्याचं पोतं कोणी घ्यायला येणार नाही, पण सोसायटीनं किंवा पॅकिंग हाऊसनं गाडीभर जमवलं तर येतात.

सरळ जाळून वीज का करत नाही?

आपल्या घरचा निम्म्याहून जास्त कचरा ओला असतो. भाजीचे देठ, केळीची सालं, उरलेलं वरण. ओलं सरपण पेटवून बघा म्हणजे कळेल. सुका भाग वेगळा काढला तर सिमेंटच्या भट्टीला तो जळण म्हणून जातो, आणि चिप्सच्या पाकिटासारख्या अनेक थरांच्या मालाला सध्या तोच मार्ग आहे. पण त्यालाही आधी वेगळं काढावंच लागतं.

घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं. मग मी घरी वेगळं का करू?

तक्रार रास्त आहे. वेगळं देण्याचा नियम 2016 पासून आहे आणि वेगळं घेण्याची सोय अजून कित्येक गावांत नाही. पण तुम्ही सुका माल घंटागाडीला देताच कशाला? दुधाच्या पिशव्या धुऊन, बाटल्या चेपून, जुन्या बादल्या एका पोत्यात ठेवा आणि भंगारवाल्याला द्या. तो पैसे देतो, म्हणजे तो माल त्याला हवा आहे. हवा असलेला माल नदीत जात नाही. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, तो बारका तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही.

आणि भंगार वेचणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका. ती तुमच्यासाठी जे करते, त्याच कामासाठी अख्खे देश जहाजं भरून परदेशी पाठवत होते.

कोणतं प्लास्टिक कोणतं, हे घरी कसं ओळखायचं?

खाली त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पेट, पाण्याची बाटली. 2 एचडी, म्हणजे तेलाचा कॅन. 3 पीव्हीसी, 4 एलडी, 5 पीपी, 6 थर्माकोलच्या जातीचं, 7 म्हणजे बाकी सगळं. 7 दिसलं की आम्ही कपाळावर आठ्या घालतो.

आमच्याकडं पाण्याची टाकी हाच परीक्षक. तुकडे टाकले की पीपी आणि पॉलिथीन (2 आणि 4) तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. घोळ इथंच आहे. ही दोन्ही बुडणारी, दिसायलाही सारखी. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि तिथं पोचेपर्यंत पीव्हीसी करपून त्यातून आम्ल निघतं. पीव्हीसीचे थोडे तुकडे गेले तरी पेटचा अख्खा घाणा पिवळा पडतो. जुने कारागीर तुकडा पेटवून वासावरून सांगतात, मेणबत्तीसारखा वास आला की पॉलिथीन, नाकाला झोंबला की पीव्हीसी. तुम्ही घरी हे करू नका. आमच्या कारागिराचा खोकला ऐकला असता तर मी सांगायची गरज पडली नसती.

जगाचा प्लास्टिक करार होणार होता, त्याचं काय झालं?

2022 मध्ये नैरोबीत ठरलं, 2024 च्या शेवटी बुसानमध्ये व्हायचा होता, झाला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात पुन्हा बसले, तिथंही एकमत झालं नाही. मुळात नवं प्लास्टिक किती बनवायचं यावरच अडलं आहे. तेलवाल्या देशांना तो विषय नको. आमच्या धंद्याचं नशीबही तिथंच बांधलेलं आहे. कच्च्या तेलाचा भाव पडला की नवा दाणा स्वस्त होतो आणि माझा जुना दाणा गोदामात पडून राहतो.

तुम्ही स्वतः घरी तुमच्याच दाण्याची चटई वापरता का?

वापरतो. ओट्यावर अंथरलेली आहे, हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांची. अकरा वर्षं झाली, रंग उडालाय, एका बाजूची किनार सुटलीय. बायको म्हणते, आता टाका ती. टाकायच्या आधी मी किनार उसवणार. तिचं कापड वेगळं, दोरा वेगळा, आणि चटईची पट्टी पीपीची.